रेडिओची साक्ष काढल्याशिवाय निकाल नको

गुरुत्वीय भिंगातून दिसणारे क्वासार शोधणे हे आता रेडिओ दुर्बिणींचे काम राहिलेले नाही, हे मत गेल्या काही वर्षांत इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागण्याची कोणाला गरज वाटत नाही. आयर्लंडमध्ये या मताला एक स्थानिक शेपूटही जोडलेले असते. जिथे ढग हटण्याची वाट पाहण्यातच रात्र सरते, त्या देशाने ऑफली परगण्यातल्या कुरणात अँटेना रोवून विश्वाच्या टोकाच्या गोष्टी कराव्यात कशाला? २०१८ मध्ये आयर्लंड युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीचा सदस्य झालाच आहे. चिलीच्या कोरड्या आभाळाकडे बघावे आणि स्वस्थ असावे. असे म्हणणारे लोक जाणते आहेत. त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे.

वाचकाला न्यायासनावर बसवायचे तर आधी खटला काय आहे ते सांगितले पाहिजे. दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातले प्रचंड कृष्णविवर आणि त्यात कोसळणाऱ्या वायूचा झगझगाट म्हणजे क्वासार. आपल्या आणि त्याच्या मध्ये, जवळजवळ एका रेषेत, दुसरी दीर्घिका आली की तिच्या वस्तुमानामुळे प्रकाशाची वाट वाकते. मग एकाच क्वासारच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. मागे पसरट स्रोत असेल तर कधी अख्खे कडे दिसते. प्रत्येक प्रतिमेचा प्रकाश वेगळ्या लांबीच्या वाटेने येतो. त्यामुळे क्वासार उजळला की एक प्रतिमा आधी उजळते आणि दुसरी काही दिवसांनी किंवा महिन्यांनी. या विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येतो, आणि प्रतिमांच्या मांडणीवरून मधल्या दीर्घिकेतला न दिसणारा पदार्थ तोलता येतो. पण या प्रतिमा एकमेकींना खेटून असतात. बहुतेकींमधले अंतर एक-दोन विकला, म्हणजे अंशाच्या ३६०० भागांपैकी एक-दोन भाग.

आता पूर्वपक्ष. दहा क्वासारांतला जेमतेम एकच रेडिओत तेजस्वी असतो, मग उरलेल्या नवांना सोडून देणारे शोधतंत्र घ्यायचेच कशाला? रेडिओतला सर्वांत मोठा पद्धतशीर शोध म्हणजे ‘जेव्हीएएस’ आणि ‘क्लास’ ही जोडसर्वेक्षणे. दहाएक वर्षांच्या खटपटीत त्यांच्या हाती २२ भिंगे लागली. उलट, गाया या अवकाशयानाच्या पथकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये एका झटक्यात ३८१ उमेदवार जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये युक्लिड या अवकाश दुर्बिणीच्या माहितीच्या पहिल्या छोट्या तुकड्यातून सुमारे ५०० भिंग-उमेदवार पुढे आले. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचे सर्वेक्षण यात भरच घालणार. शिवाय अंतर मोजायला ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशलहर किती लांबली ते माप, लागते; ताम्रसृतीला वर्णपट लागतो, आणि वर्णपट घेते प्रकाशीय दुर्बीण. अगदी पहिले भिंगसुद्धा, १९७९ मधले, वर्णपटानेच सिद्ध झाले. मग रेडिओला इतिहासात मानाचे पान द्यावे आणि पुढे चालावे.

मांडणी देखणी आहे. आता ती तपासू.

पहिल्या भिंगाचा दाखला पूर्वपक्षाने दिलाच आहे, तर तो पूर्ण वाचावा. डेनिस वॉल्श हे जॉड्रेल बँकचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्या वेधशाळेने ९६६ मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली होती, आणि सापडलेल्या रेडिओ स्रोतांशी जुळणारे तारकासदृश बिंदू छायाचित्रांच्या पट्ट्यांवर शोधण्याचे काम चालले होते. त्यातल्या एका जागी एकाऐवजी दोन निळसर बिंदू दिसले, सहा विकलांवर. मार्च १९७९ मध्ये किट पीकच्या २.१ मीटर दुर्बिणीतून वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांनी दोघांचे वर्णपट तपासले. दोघांची ताम्रसृती सारखीच, सुमारे १.४१. शिक्कामोर्तब वर्णपटाने केले, हे मान्य. पण आकाशातल्या असंख्य निळ्या ठिपक्यांतून दुर्बीण नेमकी याच दोघांकडे कोणी वळवली? रेडिओच्या यादीने. रेडिओने दाखवलेली जागा त्या जोडीपासून थोडी बाजूलाच होती, हेही पूर्वपक्षाच्या बाजूने सांगून टाकतो. तरी यादी नसती तर त्या रात्री तिकडे कोणी पाहिले नसते. शोधाचे श्रेय वाटताना शेवटची सही तेवढी मोजायची आणि अर्ज कोणी लिहिला ते विसरायचे, हा अर्धकुक्कुटी न्याय झाला.

यादी करणे हे कारकुनी काम आहे, असा एक छुपा समज या मतामागे असतो. तो आयर्लंडमध्ये तरी टिकू नये. ‘एनजीसी’ ही दीर्घिका, तारकागुच्छ आणि तेजोमेघांची ७८४० नोंदींची सूची १८८८ साली प्रसिद्ध झाली, ती जॉन ड्रेयर यांनी आर्माच्या वेधशाळेत बसून केलेली. त्याआधी ते काही वर्षे ऑफलीतल्याच बर कॅसलमध्ये काम करत होते. आजही खगोलशास्त्रज्ञ दीर्घिकांना त्याच सूचीतल्या आकड्यांनी हाक मारतात. जेव्हीएएसची गोष्टही याच जातीची. इतर रेडिओ निरीक्षणांना खुणेचे दगड हवेत म्हणून आलोक पटनाईक आणि त्यांचे सहकारी सुटसुटीत, लहानशा रेडिओ स्रोतांची यादी करत होते. त्या यादीत बी०२१८+३५७ निघाला. दोन प्रतिमांमधले अंतर अवघे एक तृतीयांश विकला, सोबत एक चिमुकले कडे. जमिनीवरच्या साध्या प्रकाशीय छायाचित्रात वातावरणाच्या थरथरीने हे सारे एका ठिपक्यात विरघळून गेले असते.

संख्येचा मुद्दा आता. २२ विरुद्ध ३८१, हा हिशेब ऐकायला जोरकस वाटतो. पण ज्या दोन गोष्टींची तुलना चालली आहे त्या एका जातीच्या आहेत का? ३८१ हे उमेदवार होते. त्यांतला प्रत्येक पुढे तपासून घ्यायचा होता. युक्लिडचे ५०० तर बहुतांशी दीर्घिकेमागे दीर्घिका अशा प्रकारचे. त्यांच्यात क्वासार शोधावे लागतात. २२ हा छाननी संपल्यावर उरलेला आकडा आहे. ती छाननी कशी झाली, ते जवळून पाहण्यासारखे आहे. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणींनी १६ हजारांहून अधिक स्रोतांचे एकेक छोटे चित्र घेतले. क्लासमध्ये एका स्रोताच्या वाट्याला साधारण अर्धा मिनिट आला. बारकावा ०.२ विकला. ज्यांच्यात एकाहून अधिक बिंदू दिसले ते इंग्लंडमधल्या मर्लिन जाळ्याकडे, तिथून निभावले ते आणखी तीक्ष्ण नजरेच्या व्हीएलबीए या जाळ्याकडे. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच: हे दोन बिंदू एकाच वस्तूच्या प्रतिमा आहेत, की एकाच क्वासारचा गाभा आणि त्यातून निघालेला झोत? भिंग प्रतिमेला मोठे करते, वाकवते, पण तिच्या पृष्ठभागाची तेजस्विता बदलत नाही. एक बिंदू टोकदार आणि दुसरा पसरट व मंद निघाला, की अर्ज फेटाळला. अशा चाळणीतून जे उरले त्यातून काटेकोर निकषांचा एक नमुना वेगळा काढता आला: ८९५८ स्रोतांत १३ भिंगे, म्हणजे सुमारे ६९० मागे एक. कोणते स्रोत तपासले आणि कोणते का नाकारले, याचा पूर्ण ताळेबंद हाती असल्यामुळे या प्रमाणावरून विश्वातल्या द्रव्याबद्दल आणि कृष्ण ऊर्जेबद्दल अनुमाने काढता आली. उमेदवारांच्या लांब यादीतून हे काढता येत नाही.

प्रकाशीय निवडीत एक अंगचा दोषही आहे. क्वासार ओळखले जातात ते त्यांच्या रंगावरून आणि बिंदूसारख्या रूपावरून. भिंग झालेल्या दीर्घिकेचा पिवळट उजेड त्या प्रतिमांत मिसळला की रंग बिघडतो, रूपही पसरते, आणि नेमके भिंगच निवडीतून गळण्याची भीती असते. रेडिओत मधली दीर्घिका बहुधा गप्प असते; मागचा क्वासार तेवढा बोलतो.

दहांतला एकच रेडिओत बोलतो, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. पण ‘मंद’ म्हणजे ‘मुका’ नव्हे. शांत समजल्या गेलेल्या भिंगित क्वासारांकडे संवेदनशील रेडिओ दुर्बिणी वळवल्या तेव्हा त्यांतूनही संदेश मिळाले. एचएस ०८१०+२५५४ या चार प्रतिमांच्या क्वासारमध्ये तर २०१९ साली झोताची रचना दिसली. मर्यादा होती ती कानाच्या तीक्ष्णपणाची, आणि कान सुधारत चालले आहेत.

इथवरचे मुद्दे उपयुक्ततेचे झाले. खरा वाद पुढे आहे, कारण पूर्वपक्षाने रेडिओला शोधकाच्या भूमिकेत पाहून नाकारले. रेडिओची मोठी भूमिका साक्षीदाराची आहे.

आकाशात दोन क्वासार शेजारी दिसले, ताम्रसृती सारखी, वर्णपट सारखे. हे भिंग आहे, की एकमेकांभोवती फिरणारे दोन वेगळे क्वासार? वर्णपट इथे थबकतो, कारण एकाच वेळी एकाच परिसरात जन्मलेल्या दोन क्वासारांचे वर्णपटही बऱ्यापैकी जुळू शकतात. इथे गुरुत्वाकर्षणाचा एक गुण कामी येतो: ते रंग ओळखत नाही. निळा प्रकाश, अवरक्त, रेडिओ, सगळ्यांची वाट ते सारखीच वाकवते. तेव्हा भिंग असेल तर एक प्रतिमा रेडिओत झळकते आणि दुसरी अजिबात दिसत नाही, असे सहसा घडू नये. १९८७ साली जॉर्गोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी पीकेएस ११४५-०७१ ही जोडी तपासली. दोन क्वासार, ४.२ विकलांवर, ताम्रसृती सारखी. प्रकाशात दोघेही स्पष्ट. रेडिओत एकच. निकाल लागला: बहुधा हे जुळे आहेत, प्रतिबिंब नव्हे. पुढे १९९९ मध्ये कोचानेक, फाल्को आणि मुन्योस यांनी अशा जोड्यांचा हिशेब मांडून दाखवले की विस्तृत अंतरावरच्या बहुसंख्य संशयित जोड्या भिंगे नसून खरे जुळे क्वासारच असावेत. एवढी जोरदार उलटतपासणी कोणत्या प्रकाशीय रंगपट्टीने केली असती? रेडिओ वगळला, तर वडाची साल पिंपळाला लावण्याचा मार्ग मोकळा.

प्रामाणिकपणासाठी एक उलटे उदाहरणही देतो. पूर्वपक्षाने ते दिले नाही, याचे आश्चर्य वाटते. त्याच पहिल्या भिंगाचे १९७९ मध्येच व्हीएलएने चित्र काढले, तेव्हा एका प्रतिमेलगत लांब झोत आणि पसरट रचना दिसली, दुसरीलगत काहीच नाही. काहींनी लगेच म्हटले, हे भिंग नव्हे. पण झोत आकाशात लांबवर पसरलेला होता. भिंगाने ज्या छोट्या पट्ट्यातल्या वस्तूंची दुहेरी प्रतिमा होते, त्याबाहेर तो पडत होता. त्याची दुसरी प्रतिमा होणार तरी कशी? पुढे दूरदूरच्या दुर्बिणी जोडून दोन्ही गाभ्यांच्या अगदी आत पाहिले, तेव्हा दोन्हीकडे तशीच गाभा-झोत रचना सापडली. रेडिओनेच उठवलेली शंका रेडिओनेच फेडली. साक्षीदार कधी अर्धवट बोलतो, म्हणून त्याला न्यायालयाबाहेर काढायचे का? त्याला आणखी प्रश्न विचारायचे असतात.

आता धूळ. मराठी वाचकाला हे उदाहरण जवळचे वाटावे. धनू राशीच्या दिशेने, आपल्याच आकाशगंगेच्या दाट पडद्याआड १८३०-२११ हा एक प्रखर रेडिओ स्रोत आहे. १९८८ मध्ये ए. प्रमेश राव आणि रवि सुब्रह्मण्यन यांनी त्यात विकलाभर अंतरावरचे दोन भाग दाखवले. १९९० मध्ये याच दोघांनी डी. नरसिंह आणि गोविंद स्वरूप यांच्यासह भिंगाचा अर्थ लावला. स्वरूप म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी करणारे. पुढच्याच वर्षी जॉन्सी आणि सहकाऱ्यांनी याचे जवळजवळ पूर्ण कडे दाखवले. मधल्या दीर्घिकेची ताम्रसृती, सुमारे ०.८९, कशी मिळाली? १९९६ साली विकलिंड आणि कोम्ब यांनी मिलिमीटर लहरींतल्या रेणूंच्या शोषणरेषांवरून मिळवली. म्हणजे ताम्रसृतीही प्रकाशीय वर्णपटाशिवाय! मागच्या क्वासारची ताम्रसृती, २.५०७, १९९९ मध्ये अवरक्तातून आली, कारण दृश्य प्रकाशात धुळीमुळे हाती काही लागत नव्हते. आकाशातले हे एक नामांकित भिंग. निव्वळ प्रकाशीय शोधावर विसंबून राहिलो असतो तर त्याची यादीत नोंदही झाली नसती. ‘वर्णपट घेते प्रकाशीय दुर्बीण’ हा पूर्वपक्षाचा नियम इथे मोडतो.

न दिसणाऱ्या पदार्थाचा मुद्दा याहून भारी आहे. भिंग झालेल्या दीर्घिकेतले एकेकटे तारेही क्वासारच्या इवल्याशा प्रकाशीय तबकडीची चमक कमीजास्त करतात. त्यामुळे चार प्रतिमांच्या तेजाचे गुणोत्तर बिघडले, तर दोष ताऱ्यांचा की कृष्णपदार्थाच्या गोळ्यांचा, हे कळत नाही. रेडिओ निघतो तो भाग बराच मोठा असतो. ताऱ्यांचा हा चाळा त्यावर फारसा चालत नाही. म्हणूनच २००२ साली दलाल आणि कोचानेक यांनी कृष्णपदार्थाच्या लहान गोळ्यांचा माग काढला तो चार प्रतिमांच्या सात भिंगांवरून, आणि त्यांतली बहुतेक रेडिओतून सापडलेली होती. त्याहून बोलका पुरावा बी१९३८+६६६ या कड्याचा. हे भिंगही जेव्हीएएसच्या यादीतले. २०१२ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीच्या अवरक्त चित्रांतून त्याच्या दीर्घिकेजवळ सूर्याच्या सुमारे १९ कोटी पट वस्तुमानाचा एक अंधारा सोबती ओळखला गेला; त्या वेळी ती मोठीच मजल होती. २०२५ मध्ये डेव्हन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी खंडाखंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून त्याच भिंगाची बारीक कमान पाहिली आणि सूर्याच्या सुमारे १० लाख पट वस्तुमानाची वस्तू टिपली. भिंग तेच. रेडिओने शंभराहून अधिक पट हलकी वस्तू तोलली. ‘रेडिओचे दिवस संपले’ हे वाक्य या निकालाशेजारी ठेवून वाचावे.

राहता राहिला ऑफलीतल्या त्या कुरणाचा, म्हणजे बरचा प्रश्न. बर कॅसलच्या आवारात २७ जुलै २०१७ रोजी आय-लोफार हे केंद्र सुरू झाले; नेदरलँड्समधून युरोपभर पसरलेल्या लोफार या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याचे हे आयरिश केंद्र. पाहायला गेले तर त्यात दुर्बिणीसारखे काही नाही. गवतात खांबांवरून खाली ताणलेल्या तारा: हे ९६ अँटेना कमी कंपनांसाठी. शेजारी काळ्या आच्छादनाखालचे ९६ चौकोनी ठोकळे, त्यांहून वरच्या कंपनांसाठी. काहीही फिरत नाही, वळत नाही. दिशा संगणक ठरवतो. मीटर-दोन मीटर किंवा त्याहून लांब लहरींना ढगांची पर्वा नसते. तेव्हा ‘आयर्लंड ढगाळ आहे’ हा आक्षेप इथे लागूच पडत नाही. या लहरींना त्रास होतो तो फार उंचावरच्या आयनांबराचा, आणि तो ऑफलीइतकाच नेदरलँड्समध्येही होतो.

ढगांखालून आकाश पाहण्याची या गावाला सवयही जुनी. याच आवारात तिसऱ्या अर्ल ऑफ रॉसने १८४५ मध्ये ७२ इंची आरशाची दुर्बीण उभारली. तांबे-कथलाचा तो आरसा दमट हवेत काळवंडायचा, पुन्हा घासावा लागायचा, म्हणून दोन आरसे आलटून पालटून वापरत. त्याच दुर्बिणीतून एम५१ या दीर्घिकेची सर्पिल रचना प्रथम दिसली, आणि १९१७ पर्यंत जगात त्याहून मोठी दुर्बीण झाली नाही.

तरीही पूर्वपक्षाचा एक मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. क्लासने निवडलेले लहान, सुटसुटीत क्वासार उच्च कंपनांवर ठसठशीत दिसतात. लोफारच्या कमी कंपनांवर पसरट, जुनाट रेडिओ ढगांचा गलका अधिक, आणि मधल्या दीर्घिकेतला वायू प्रतिमा पसरवून टाकतो. क्वासार-भिंगे शोधायला लोफार हे आदर्श साधन नव्हे. पण या मान्यतेवरून बरचे केंद्र निरर्थक ठरते का? नेमके उलट. २०२२ मध्ये लोफारच्या आकाश-पाहणीचा दुसरा हप्ता आला: उत्तर आकाशाचा २७ टक्के भाग, सुमारे ४४ लाख स्रोत. पण ते नकाशे नेदरलँड्समधल्या केंद्रांवरून काढलेले, बारकावा ६ विकला. एक-दोन विकलांवरच्या दोन प्रतिमा त्यात एकच ठिपका होऊन बसतात. त्या सुट्या करायच्या तर अँटेनांमधले अंतर वाढले पाहिजे. बर ते पोलंडमधली केंद्रे हे अंतर जवळपास २००० किलोमीटर. त्याने नजर ०.३ विकलांच्या आसपास पोचते. पश्चिमेचे हे टोक काढून घेतले, तर नजर तेवढीच बोथट होते. २०२२ मध्येच या पूर्ण जाळ्याच्या चित्रांतून भिंगे ओळखण्याची यंत्रशिक्षणाची पद्धतही मांडली गेली आहे.

या विषयात ओलसर कुरणातल्या तारांना हिणवण्याआधी आणखी एक गोष्ट आठवावी. उत्तर आयर्लंडमधल्या लर्गनमध्ये वाढलेल्या जोसेलिन बेल १९६७ साली केंब्रिजच्या शेतात ८१.५ मेगाहर्ट्झच्या तारांच्या जाळ्यावर काम करत होत्या. ते जाळे उभारले होते क्वासार शोधण्यासाठी. कागदाच्या पट्टीवर मात्र पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंदने देणारा तारा, उमटला.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. प्रकाशीय सर्वेक्षणांनी खुशाल हजारो उमेदवार आणावेत. त्यांच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पण भिंग म्हणून जाहीर करण्याआधी प्रत्येक जोडीची रेडिओ चित्रे तपासावीत, आणि एकीला रेडिओ आहे व दुसरीला नाही असे दिसले तर ते लपवू नये. आयर्लंडच्या निधीबद्दल बोलायचे तर नव्या अँटेनांची घाई नाही. लोफारच्या आकाश-पाहणीत परदेशी केंद्रांच्या नोंदीही साठवून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांच्या बहुतांश भागाची पूर्ण बारकाव्याची चित्रे अजून काढलेली नाहीत. ती काढायला माणसे आणि संगणक हवेत. डब्लिनने पैसा तिथे घालावा.